गाडीचा पिकअप आणि हॉर्सपॉवर मोजायची छोटी यंत्रं: आकडा कुठून येतो आणि कुठे फसतो

एअर फिल्टर बदलला किंवा रीमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरमधलं प्रोग्रॅमिंग बदलणं) करून घेतला की पहिला प्रश्न असतो, फरक किती पडला? डायनोवर, म्हणजे चाकं रोलरवर फिरवून पॉवर मोजणाऱ्या यंत्रावर, जायचं तर वेळ ठरवा, पैसे मोजा. त्यापेक्षा काचेला चिकटवायची जीपीएसची डबी, ओबीडी सॉकेटमध्ये (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या जागेत) खोचायचा डोंगल किंवा मोबाईलमधलं फुकटचं ॲप सोपं वाटतं. गाडी पळवली की स्क्रीनवर '७१.८ पीएस' (पीएस म्हणजे मेट्रिक हॉर्सपॉवर) उमटतं. दशांश चिन्हापुढचा तो ८ बघितला की वाटतं, वा, एकदम अचूक.

पण यातलं एकही यंत्र हॉर्सपॉवर मोजत नाही. मोजला जातो तो वेग किंवा त्वरण, आणि त्यासोबत वेळ. हॉर्सपॉवर हा त्यावरून मांडलेला हिशोब आहे, आणि त्यातला सगळ्यात जड आकडा, म्हणजे गाडीचं वजन, तुम्हीच टाइप केलेला असतो. पुढच्या पायऱ्या या क्रमाने केल्या तर निदान कुठला आकडा यंत्राचा आणि कुठला आपला, हे तरी कळत राहतं.

१. हातातलं यंत्र कुठल्या जातीचं आहे ते आधी ओळखा

बाजारात तीन जाती आहेत आणि तिघींच्या चुका वेगवेगळ्या.

पहिली, बाहेरचा जीपीएस रिसीव्हर. ड्रॅगीचं मूळ मॉडेल सेकंदाला १० वेळा वेग नोंदवतं, रेसबॉक्स मिनी २५ वेळा, आणि गाड्यांच्या चाचण्या घेणारे व्यावसायिक वापरतात त्या व्हीबॉक्सची वरची मॉडेलं १०० वेळा. ही यंत्रं 'आधी इथे होतो, आता तिथे आहे' असं अंतर भागून वेग काढत नाहीत. उपग्रहाच्या सिग्नलची वारंवारता गाडीच्या वेगामुळे किती सरकली, त्यावरून वेग काढतात. म्हणून नकाशावर जागा दोन मीटर चुकली तरी वेग चुकत नाही. मोकळ्या आकाशाखाली साधारण ०.१ ते ०.२ किमी/तास एवढीच चूक राहते. गाडी सेकंदाला ८ किमी/तास वेग घेत असेल तर ही चूक वेळेत ०.०२ सेकंदाच्या आसपास येते. पिकअप मोजायला एवढं पुरून उरतं.

दुसरी जात त्वरणमापकाची, म्हणजे ॲक्सिलरोमीटरची. जुनी जी-टेकसारखी यंत्रं आणि मोबाईलमधली बरीच ॲप्स यात येतात. यांचा शत्रू एकच, कल. गाडी जोरात निघते तेव्हा मागची बाजू बसते आणि नाक वर होतं. सेन्सर मागे झुकला की गुरुत्वाकर्षणाचा थोडा भाग त्याला पुढचं त्वरण वाटतो. फक्त १ अंशाच्या कलाने त्वरण ०.१७ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढं जास्त दिसतं. १० सेकंद तसंच चाललं तर यंत्राच्या हिशोबात गाडी खऱ्यापेक्षा ६ किमी/तास पुढे असते, आणि 'शंभर झाले' असं ते आधीच जाहीर करतं. मऊ सस्पेन्शनच्या गाडीचा आकडा अशा यंत्रावर उगाच चांगला येतो तो यामुळे.

तिसरी जात ओबीडी डोंगल. यातला वेग पूर्ण आकड्यातच येतो: ६१, ६२, ६३. मधलं काही नाही. स्वस्त ब्लूटूथ डोंगल सेकंदाला मोजकेच प्रश्न ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, विचारू शकतो. ॲपमध्ये दहा काटे उघडले की ते प्रश्न दहा जणांत वाटले जातात आणि वेगाची नोंद उशिरा येते. त्यामुळे डोंगलवर फक्त वेग आणि आरपीएम ठेवा, बाकी सगळं बंद.

ओबीडी ॲपमधला 'हॉर्सपॉवर' काटा हे वेगळंच प्रकरण आहे. तो इंजिनात जाणाऱ्या हवेवरून अंदाज करतो. बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत हवेचं वजन मोजणारा सेन्सरच नसतो, दाबाचा सेन्सर असतो. मग ॲप तुम्हाला सीसी आणि 'व्हॉल्युमेट्रिक एफिशियन्सी' (सिलिंडर हवेने किती टक्के भरतो ते) विचारतं, आणि तुम्ही जे भराल त्या प्रमाणात घोडे वाढतात. डिझेल इंजिन तर गरजेपेक्षा जास्त हवा ओढूनच चालतं, त्यामुळे हवेवरून पॉवर काढायचा प्रश्नच येत नाही. डिझेलवाल्यांनी तो काटा बंदच ठेवावा.

मोबाईलचा स्वतःचा जीपीएस बहुतेक वेळा सेकंदाला एकदाच नोंद देतो. '० ते १००'ला त्यावर अर्ध्या सेकंदाची चूक सहज पडते. डॅशबोर्डच्या काट्यावर बघून स्टॉपवॉच दाबणं हा त्याहून वाईट मार्ग. स्पीडोमीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवायचा नाही, पण १० टक्के अधिक ४ किमी/तास इतका जास्त दाखवला तरी चालतो, असा संयुक्त राष्ट्रांचा ३९ क्रमांकाचा नियम आहे. काट्यावर १०० दिसताना गाडी ९४ वर असणं यात गैर काहीच नाही.

घ्यायचंच असेल तर बाहेरचा १० किंवा २५ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला तेवढ्या नोंदी करणारा, जीपीएस घ्या, आणि आरपीएम बघायला डोंगल. ही जोडी पुरते.

२. सोबत काय काय लागतं

- जीपीएस रिसीव्हर, पूर्ण चार्ज केलेला, आणि त्याचं ॲप. ॲपमध्ये वन-फूट रोलआउटचा (पहिला एक फूट न मोजण्याचा) पर्याय कुठे आहे ते घरीच शोधून ठेवा.
- टायरची हवा मोजायचा स्वतःचा गेज. पेट्रोल पंपावरचा नको. दोन पंपांवरचे गेज एकमेकांशी जुळतील याची खात्री नसते.
- आरसी, इन्शुरन्स, पीयूसी आणि लायसन्स. आरसीवर रिकाम्या गाडीचं वजन छापलेलं असतं, ते पुढे पडताळायला लागतं.
- वजनकाट्याची पावती.
- गवंडी वापरतात ती पाण्याची लेव्हल पाइप, १० मीटरपेक्षा थोडी लांब, आणि मोजपट्टी.
- वही. ॲपमध्ये रन जतन होतात, पण त्या वेळी एसी चालू होता की बंद, मागच्या सीटवर कोण होतं, हे ॲपला माहीत नसतं.
- बाजूला बसणारा एक माणूस. गाडी चालवताना स्क्रीन बघायची नाही. बघणारा वेगळा हवा, आणि तो दर रनला तोच हवा. माणूस बदलला की वजन बदललं.

३. जागा

सार्वजनिक रस्त्यावर हे करू नका, आणि हे वाक्य वरवरचं समजू नका. मोटार वाहन कायद्याचं १८९ कलम शर्यतीइतकंच वेगाच्या चाचणीलाही लागू आहे. पहिल्या वेळी ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून महागात पडेल ती इन्शुरन्सची अट. खाजगी गाडीच्या पॉलिसीत 'वापराच्या मर्यादा' अशी एक बारीक अक्षरातली ओळ असते, तिच्यात शर्यतीबरोबर स्पीड टेस्टिंगही वगळलेलं असतं. अपघात झाला की ती ओळ वाचली जाते.

तेव्हा एक्सप्रेसवे नको, कात्रज–देहूरोड बायपास नको, पहाटेचा रिकामा रिंगरोडही नको. कंपनीच्या आवारातला खाजगी सरळ रस्ता लेखी परवानगी घेऊन, धावपट्टीवर किंवा ट्रॅकवर भरणारा एखादा टाइम-अटॅक (एकट्याने घड्याळाविरुद्ध) किंवा ड्रॅग (सरळ पट्ट्यावर) इव्हेंट, हे मार्ग आहेत. आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग स्पर्धा झालेल्या आहेत. अशा इव्हेंटमध्ये पैसे भरून दोन-चार रन मिळतात, शिवाय आयोजकांची घड्याळं असतात, म्हणजे स्वतःची डबी पडताळूनही होते.

जागा मिळाली की उतार तपासा. नव्या कात्रज बोगद्याकडून नवले पुलाकडे येणारा उतार सगळ्यांना ठाऊक आहे, तो डोळ्यालाही दिसतो आणि ट्रकच्या ब्रेकलाही कळतो. घात करतो तो न दिसणारा उतार. १०० मीटरला १ मीटर, म्हणजे १ टक्का, रस्त्यावर उभं राहून कुणालाही दिसत नाही. पण १२ सेकंदांत शंभर गाठणारी गाडी अशा उतारावर साधारण साडेअकरा सेकंदांत गाठते. अर्धा सेकंद फुकट, आणि त्याचं श्रेय एअर फिल्टरला.

लेव्हल पाइपने १० मीटरच्या अंतरावर पाण्याची पातळी बघा. १० सेंटिमीटरचा फरक म्हणजे १ टक्का. चार-पाच ठिकाणी मोजा. ॲपमधल्या उंचीच्या आलेखावर विसंबू नका, कारण जीपीएसची उंची काही मीटर इकडेतिकडे होते आणि ४०० मीटरच्या पट्ट्यात तेवढी चूक उताराएवढीच असते. ड्रॅगीसारखी ॲप्स फार उतार दिसला तर रन अवैध ठरवतात, पण तो निवाडाही याच उंचीवरून होतो.

आणि काहीही झालं तरी प्रत्येक मोजमाप दोन्ही दिशांनी करा. एका बाजूचा उतार दुसऱ्या बाजूला चढ होतो, सरासरीत तो जवळजवळ निघून जातो. वाऱ्याचंही बहुतांशी तसंच.

४. गाडी काट्यावर घाला

नवशिक्यांची सगळ्यात महाग चूक इथे होते. ब्रोशरमधलं कर्ब वेट, म्हणजे रिकाम्या गाडीचं वजन, जसंच्या तसं टाकतात. त्यात चालक नसतो, बाजूचा माणूस नसतो, डिकीतला क्रिकेटचा किट, मागच्या दिवाळीपासून पडलेली सतरंजी आणि वरून बसवलेले स्पीकर तर नसतातच. दोन माणसं आणि सामान मिळून १५० किलोचा फरक सहज पडतो, आणि ११०० किलोच्या गाडीत तो १३ टक्क्यांपेक्षा जास्त आहे. हॉर्सपॉवरही जवळपास त्याच प्रमाणात चुकते.

मार्केट यार्ड, चाकण, भोसरी, कुठेही ट्रकचा वजनकाटा सापडतो. चाचणीच्या वेळी असेल तसंच सगळं भरून, दोघं जण आत बसून वजन करा. काट्याची पायरी किती किलोची आहे ते विचारा. ५ किलोची असेल तर उत्तम, २० किलोची असेल तर दोनदा वजन करा. पावतीवर तारीख असते, ती वहीत चिकटवा. पेट्रोल लिटरला पाऊण किलोच्या थोडं खाली भरतं, म्हणजे ३५ लिटरची टाकी फुल आणि रिकामी यात साधारण २६ किलोंचा फरक. अर्धी टाकी ठेवा आणि दर वेळी अर्धीच ठेवा.

५. डबी कुठे आणि कशी ठेवायची

तिला आकाश दिसलं पाहिजे. छतावर चुंबकाने लावली तर सर्वांत छान, नाहीतर डॅशबोर्डवर पुढच्या काचेच्या अगदी बुडाशी. काही महागड्या गाड्यांच्या काचेत उष्णता अडवणारा धातूचा पातळ थर असतो, तो जीपीएसही अडवतो. अशा गाडीत आरशामागे ठिपक्यांचा एक भाग मोकळा सोडलेला असतो, तिथे लावा किंवा सरळ छतावर न्या.

चालू केल्यावर लगेच पळवू नका. दोन-तीन मिनिटं उभ्या गाडीत ठेवा. उपग्रह १० च्या वर गेले आणि उभ्या गाडीचा वेग शून्याजवळ स्थिर दिसू लागला की मग. झाडांची कमान, उंच इमारती, पत्र्याची शेड जवळ असेल तर सिग्नल आपटून येतो आणि वेगाच्या आलेखात दात दिसतात.

त्वरणमापकाचं यंत्र असेल तर हलणाऱ्या मोबाईल होल्डरमध्ये ठेवूच नका. पातळी लावून, पक्कं बांधून, त्याच जागी शून्य करून घ्या.

मे महिन्यात डॅशबोर्डवर डबी तासभर राहिली तर ती तापून बंद पडते. दोन रनच्या मधे सावलीत काढून ठेवा.

६. पिकअपचे रन

पहाट निवडा. हवा थंड असते आणि वारा नसतो. टायरची हवा थंड टायरवर, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे. इंजिन मात्र पूर्ण गरम झालेलं, म्हणजे किमान १५ मिनिटं चाललेलं हवं. एसी बंद. पूर्ण ॲक्सिलरेटर दिल्यावर बऱ्याच गाड्यांचा कॉम्प्रेसर आपोआप सुटतो, पण कधी सुटतो आणि किती वेळ, ते आपल्या हातात नाही. म्हणून बटणानेच बंद.

'० ते १००' सगळ्यांना आवडतं, पण तोच सर्वांत ढिसाळ आकडा आहे. त्यात क्लच कसा सोडला, टायर फिरला का, दुसरा गिअर किती पटकन पडला, हे सगळं मिसळतं. वर सुरुवात नक्की कधी झाली हा वाद आहेच. उभ्या गाडीचा जीपीएस वेगही शून्याच्या आसपास थरथरत असतो, त्यामुळे यंत्राला 'निघाली' हे ठरवायला काहीतरी उंबरठा लागतो.

रोलआउटचा गोंधळही इथेच. ड्रॅग स्ट्रिपवर टायर पहिला एक फूट, म्हणजे ३०.५ सेंटिमीटर, पुढे गेल्यावर घड्याळ सुरू होतं. ॲपमध्ये हा पर्याय चालू असेल तर तो पहिला फूट मोजलाच जात नाही. साध्या गाडीला तेवढं जायला ०.४ सेकंद लागतात. मित्राची गाडी ११.४ आणि तुमची ११.८ असेल तर भांडण्याआधी दोघांच्या सेटिंगमध्ये जाऊन बघा.

इंजिनातला फरक शोधायचा असेल तर चालत्या गाडीत, एकाच गिअरमध्ये मोजा. दुसऱ्या गिअरमध्ये ५० वर स्थिर धरा, पूर्ण ॲक्सिलरेटर द्या, लाल रेषेआधी सोडा. आलेखातून नंतर ७० ते ९० ची वेळ काढा. सुरुवात ५० ला आणि मोजणी ७० पासून, म्हणजे टर्बो भरायला आणि गाडी बसायला वेळ मिळतो. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोडमध्ये गिअर धरून ठेवा. किकडाउन झाला, म्हणजे गिअर आपोआप खालचा पडला, की रन बाद. सीव्हीटीमध्ये, म्हणजे गिअरच्या पायऱ्या नसलेल्या ऑटोमॅटिकमध्ये, गिअर असा धरताच येत नाही, तिथे वेळेची तुलना करा आणि हॉर्सपॉवरच्या हिशोबाच्या नादी लागू नका.

दोन्ही दिशांनी चार-चार रन. मधे तीन-चार मिनिटं हळू चालवत गाडी थंड करा, टर्बो गाडीला तर हे हवंच, कारण इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारा भाग) तापला की चौथा रन पहिल्यापेक्षा सुस्त येतो. गिअर चुकला, चाक फिरलं, समोर कुत्रं आलं, ही रन बाद करायची कारणं. 'आकडा आवडला नाही' हे कारण नाही. आणि सर्वांत चांगला रन सांगायचा नाही, मधला सांगायचा.

७. हॉर्सपॉवरचा हिशोब हाताने एकदा करून बघा

ॲप करतंच, पण एकदा कागदावर केला की कुठे काय लपलंय ते दिसतं. उदाहरणाला १.२ लिटरची, ब्रोशरप्रमाणे ९० पीएसची पेट्रोल हॅचबॅक घेऊ. काट्यावरचं वजन माणसांसकट ११२० किलो. दुसऱ्या गिअरमध्ये ७० ते ९० ला दोन्ही दिशांची सरासरी ३.५ सेकंद.

७० किमी/तास म्हणजे १९.४४ मीटर प्रति सेकंद, ९० म्हणजे २५. गतिज ऊर्जेतला फरक: वजनाचा अर्धा गुणिले वेगांच्या वर्गांतला फरक, म्हणजे ५६० × २४६.९ = सुमारे १,३८,३०० ज्यूल. भागिले ३.५, तर ३९.५ किलोवॅट.

इथे बरेच जण थांबतात आणि गाडी कमजोर निघाली म्हणून खट्टू होतात. पण इंजिनाने नुसती गाडी ढकललेली नसते, चाकं, शाफ्ट, फ्लायव्हील हेही फिरवून वेगात आणलेले असतात. दुसऱ्या गिअरमध्ये त्यासाठी साधारण १५ टक्के धरावे लागतात, चौथ्यात ७-८ टक्के. एकच गाडी दुसऱ्या गिअरमध्ये कमी आणि चौथ्यात जास्त पॉवर दाखवते, ते ॲपने हा भाग धरला नाही म्हणून. १५ टक्के धरले की ४५.४ किलोवॅट.

त्यात हवेचा विरोध मिळवा. पुण्यातली हवेची घनता ३० अंशांना सुमारे १.०९, गाडीचा ड्रॅग गुणांक आणि समोरचं क्षेत्रफळ यांचा गुणाकार ०.७० धरला तर ८० च्या वेगाला ४.२ किलोवॅट. टायरचा रोलिंग विरोध, गुणांक ०.०१३ धरून, ३.२ किलोवॅट. बेरीज ५२.८ किलोवॅट. एक पीएस ०.७३५५ किलोवॅटचा, म्हणून ७१.८ पीएस. हीच पॉवर बीएचपीत ७०.८ भरते, कारण बीएचपी ०.७४५७ किलोवॅटचा असतो. तुलना करताना एकच एकक धरा.

हा चाकांवरचा, त्या पट्ट्यातला सरासरी आकडा आहे. आता तोच हिशोब थोडा हलवून बघा:

- वजन ५ टक्के चुकलं: ३ पीएसहून जास्त फरक.
- १ टक्का उतार, एकाच दिशेने मोजलं: ३.३ पीएस.
- ताशी १० किमी वारा समोरून: दीड पीएस.
- वेळ ०.१ सेकंद चुकली: १.८ पीएस.

चांगल्या जीपीएसची वेळ ०.१ इतकी चुकतच नाही. म्हणजे यंत्र या यादीत सगळ्यात कमी गुन्हेगार आहे.

ॲपच्या आलेखावरचा सर्वोच्च सुळका मात्र दुर्लक्षित करा. दोन लागोपाठच्या नोंदींत ०.१ सेकंदाचं अंतर आणि वेगात ०.१ किमी/तासाची थरथर असेल, तर त्या क्षणाचं त्वरण १० टक्क्यांहून जास्त हलतं आणि पॉवरही तेवढीच. आलेख करवतीसारखा दिसतो. ॲप तो गुळगुळीत करतं, आणि किती करायचा हे सेटिंग बदललं की 'मॅक्स पॉवर' बदलते. १० किंवा २० किमी/तासाच्या पट्ट्याची सरासरी घ्या.

८. ड्रॅग गुणांक माहीत नसेल तर गाडी न्यूट्रलमध्ये सोडा

वरचे ०.७० आणि ०.०१३ हे अंदाज आहेत. कॅरिअर लावला, रुंद टायर घातले की दोन्ही बदलतात. याला सोपा तोडगा आहे. ९५ पर्यंत जा, न्यूट्रल करा, इंजिन चालूच ठेवा, नाहीतर स्टिअरिंग आणि ब्रेक जड होतात. ९० वरून ७० पर्यंत उतरायला किती सेकंद लागतात ते जीपीएसवर बघा. वरच्या गाडीला १९ ते २० सेकंद लागायला हवेत. त्यात गाडी ४३० मीटर जाते, त्यामुळे पट्टा लांब हवा.

गाडीचं वजन गुणिले १.०४ (न्यूट्रलमध्ये मुख्यतः चाकांच्या फिरण्याचाच वाटा उरतो), गुणिले वेगातला फरक ५.५६, भागिले सेकंद, गुणिले सरासरी वेग २२.२: हे झाले हवा आणि टायर यांनी मिळून खाल्लेले वॅट. कुठलाही गुणांक न शोधता. दोन्ही दिशांनी करायला विसरू नका, इथे थोड्याशा उतारानेही आकडा पार बिघडतो. १४ सेकंदांतच गाडी ७० वर आली तर पॉवर शोधण्याआधी ब्रेक घासतोय का आणि टायरची हवा किती आहे ते बघा.

९. पुण्याची हवा

ब्रोशरचा आकडा इंजिनाचा असतो, चाकांचा नाही. इंजिन बाकावर बसवून, ठराविक तापमान आणि दाबाला दुरुस्त करून तो काढतात. कोथरूडच्या टेकडीवर एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेत अशाच चाचण्या होतात. तुमचा आकडा चाकांवरचा, आणि पुणे समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर. इथला हवेचा दाब मुंबईपेक्षा ६ ते ७ टक्के कमी असतो, आणि बिनटर्बोच्या इंजिनाची पॉवर जवळपास तेवढीच घटते. ९० चे इथे ८४-८५ होतात. गिअरबॉक्स आणि शाफ्ट १० ते १५ टक्के खातात. ७२ उरले तर गाडी ठणठणीत आहे.

दुरुस्ती करणाऱ्या ॲपमध्ये मोठा सापळा आहे तो दाबाचा. हवामानाच्या ॲपवर पुण्याचा दाब १०१० मिलिबारच्या आसपास दिसतो. तो समुद्रसपाटीला बदलून दाखवलेला असतो. प्रत्यक्षात इथे ९४५ च्या जवळ असतो. एसएई जे१३४९ या दुरुस्तीच्या प्रमाणित पद्धतीत ३० अंशांना खरा दाब टाकला तर आकडा सुमारे ८-९ टक्के वाढतो, ७१.८ चे ७८ होतात. हवामान ॲपचा दाब टाकला तर काहीच वाढत नाही. मोबाईलमध्ये बॅरोमीटर असेल तर त्याचा कच्चा आकडा घ्या.

टर्बो गाडीला ही दुरुस्ती लावू नका. कमी दाबाची भरपाई टर्बो स्वतःच बरीचशी करतो, त्यावर आणखी ८ टक्के चढवणं म्हणजे कागदावर घोडे पाळणं. चाकांवरच्या आकड्यात '२० टक्के ट्रान्समिशन लॉस' मिळवून इंजिनाची पॉवर दाखवणाऱ्या ॲपचंही तेच. तो पर्याय बंद ठेवा.

१०. बदल केल्यावरची तुलना

या यंत्रांचा खरा उपयोग इथे आहे. वजन ३० किलो चुकलं असलं तरी आधी आणि नंतर ते तेवढंच चुकलेलं असतं, त्यामुळे फरक बऱ्यापैकी खरा निघतो.

आधी स्वतःची पसरण काढा. काहीही न बदलता आठ रन केले तर आकडे किती इकडेतिकडे होतात? ते ७० ते ७४ मध्ये नाचत असतील तर फिल्टरने वाढवलेले २ पीएस तुम्हाला दिसणार नाहीत, आणि दिसले तर ते फिल्टरचे नसतील. अशा वेळी रन वाढवा.

मग अ–ब–अ करा. जुना फिल्टर, नवा फिल्टर, परत जुना. तिसऱ्या वेळी आकडा पहिल्याजवळ परतला नाही तर फरक गाडीचा नसून तापमानाचा, वाऱ्याचा किंवा तुमच्या हाताचा आहे. फिल्टरला दहा मिनिटं लागतात, रीमॅपलाही मूळ फाइल परत टाकता येते. ट्यूनर परत टाकून द्यायला तयार नसेल, तर निदान रीमॅपच्या आदल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी, त्याच वेळी, त्याच पट्ट्यावर मोजा. बॅटरी काढली असेल तर ईसीयू पुन्हा शिकेपर्यंत शंभरेक किलोमीटर चालवा आणि मगच.

टायरचा साइझ बदलला असेल तर ओबीडीचा वेग बदलतो, जीपीएसचा नाही. नुसता टायर झिजूनही, ८ मिमी नक्षीवरून १.६ वर आला की, छोट्या गाडीत सुमारे २ टक्के फरक पडतो. डोंगलवर घेतलेले दोन वर्षांपूर्वीचे आकडे आजच्या आकड्यांशेजारी ठेवू नका.

शेवटी डायनोवर गेलातच तर ऑपरेटरकडून दुरुस्ती न केलेली प्रिंट मागा, आणि ती कुठल्या गिअरमध्ये घेतली, दुरुस्ती कुठली लावली, पट्टे किती घट्ट बांधले होते ते मागच्या बाजूला लिहून घ्या. डबीचा आकडा आणि ही प्रिंट यांच्यात ५ टक्क्यांचा फरक असेल तर दोन्ही बरोबर समजा. १५ चा असेल तर वजनकाट्याची पावती पुन्हा काढून बघा.